आधी जमीन, मग रणगाडा

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडत बसणं हा निवृत्त मराठी मास्तराला शोभणारा छंद नव्हे, असं आमच्या घरातलं सर्वमान्य मत आहे. या वयात माणसानं ज्ञानेश्वरी वाचावी, तलावपाळीला चार फेऱ्या माराव्यात आणि येताना दूध आणावं, असं सौ.चं म्हणणं. ज्ञानेश्वरी मी वाचतो, फेऱ्या मारतो, दूधही आणतो. पण टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरात काचेच्या कपाटाचा मधला कप्पा माझा आहे आणि त्यात कपबश्यांऐवजी सैन्याच्या गाड्या उभ्या आहेत. भाचरं आणि परदेशातले पुतणे घरी आले की त्या गाड्यांचे फोटो काढतात आणि "काका, यांच्यावर एकदा लिहा ना" असं म्हणून निघून जातात. तर मंडळी, आज लिहितोच.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. दुकानात मिळतं ते खेळणं वेगळं आणि किट वेगळं. किटच्या खोक्यात गाडी नसते, गाडीचे सुटे भाग असतात. प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटींना ते कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. ब्लेडनं एकेक भाग सोडवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, चिमट्यानं धरून चिकटवायचा. मग रंग द्यायचा आणि शेवटी पाण्यात भिजवून आकडे नि चिन्हं लावायची. एका मोठ्या रणगाड्याला तीन-चारशे भाग सहज असतात. चष्म्याचा नंबर आणि बोटांचा कंप या दोन्हींची परीक्षा होते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. १:३५ म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. साडेसात मीटर लांबीचा रणगाडा यात वीतभर होतो आणि माणूस पाच सेंटिमीटरचा. १:७६ मध्ये तोच माणूस जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर उरतो, म्हणजे साधारण करंगळीच्या पेराएवढा.

माझं पहिलं किट याच लहान प्रमाणातलं होतं. आमचे एक मामा बोटीवर नोकरीला होते. १९६७ साली त्यांनी इंग्लंडहून येताना एअरफिक्स कंपनीचा शर्मन रणगाडा आणला. एअरफिक्स ही १९३९ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. आधी ती हवा भरायची रबरी खेळणी करायची, मग कंगवे करू लागली. १९५३ मध्ये तिनं स्पिटफायर विमानाचं किट काढलं आणि इंग्लंडमधल्या पोरांना वेड लावलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रणगाडे आले. हे ७६ चं विचित्र प्रमाण आलं तेही खेळण्यातल्या आगगाडीमुळे. इंग्लंडमध्ये घरोघरी ज्या मापाचे रूळ होते, त्यांच्या शेजारी शोभेल असा रणगाडा हवा होता.

त्या शर्मनचे पट्टे मऊ प्लॅस्टिकचे होते. त्यांची टोकं जोडायला स्क्रू ड्रायव्हर तापवून दाबावा लागे. आईच्या स्टोव्हवर मी तो तापवला. घरभर वास सुटला आणि पाठीत धपाटा बसला. पण पट्टा जुळला. तो रणगाडा अजून माझ्याकडे आहे. तोफ दोनदा मोडली, दोनदा चिकटवली.

शर्मन ही अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली गाडी. सुमारे पन्नास हजार बनल्या. महायुद्ध संपलं तरी त्यांची नोकरी संपली नाही. १९६५ च्या युद्धात आपल्या डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे शर्मनच होते. मामांनी मला तो दिला तेव्हा ते युद्ध होऊन दोन वर्षं झाली होती आणि मला या गोष्टीचा पत्ता नव्हता. खोक्यावरचं चित्र युरोपातलं होतं, पडक्या विटांच्या घरांतून येणारा रणगाडा. त्यामुळे शर्मन म्हणजे तिकडचा, असंच माझ्या मनात बरीच वर्षं बसलं होतं.

आता मोठ्या, १:३५ प्रमाणाबद्दल. त्याची गोष्ट जपानची आहे. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा मूळ धंदा लाकडाचा. लाकडी मॉडेल करता करता १९६० साली ते प्लॅस्टिककडे वळले. पहिलं जहाजाचं किट फारसं चाललं नाही. मग त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला, तोही मोटर बसवून चालणारा. मोटर आणि बॅटरीचे सेल पोटात मावतील एवढा त्याचा आकार ठेवला आणि नंतर हिशेब केला तेव्हा तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला! तेव्हापासून जगभरचे कारखाने ३५ चंच प्रमाण धरून बसले आहेत. ज्यांनी हे घडवलं ते शुनसाकू तामिया जुलै २०२५ मध्ये, नव्वदीत गेले. खऱ्या गाड्या बघून मापं घ्यायला हा माणूस इंग्लंड-अमेरिकेतल्या रणगाड्यांच्या संग्रहालयांत जाऊन येई.

निवृत्तीनंतर मी पुन्हा या छंदाकडे वळलो तेव्हा बाजारात अक्षरशः शेकडो किटं होती. सगळ्यांत जास्त कोणाची? जर्मन टायगरची. खरा टायगर-१ जेमतेम साडेतेराशे बनला, तरी त्याची किटं जिकडेतिकडे. त्या मानानं आपल्या माणसांनी ज्या गाड्यांतून लढाया केल्या त्यांची किटं शोधावी लागतात आणि मिळाली तरी आतली चिन्हं इंग्रजांची, अमेरिकनांची, नाहीतर रशियनांची. आपली चिन्हं आपल्यालाच हातानं रंगवावी लागतात. मी हळूहळू फक्त अशाच गाड्या जमवायला लागलो, ज्यांचा आपल्या इतिहासाशी काही संबंध आहे. आठ-दहा झाल्या. काळानुसार ओळीनं लावल्या. काचेवर झकास दिसायच्या.

एक दिवस माझा जुना विद्यार्थी भेटायला आला. चिलखती दलात नोकरी करून निवृत्त झालेला. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यानं विजयंता रणगाड्यात काढली. विजयंता म्हणजे विकर्स या इंग्लिश कंपनीच्या आराखड्यावरून मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात, १९६५ पासून बनू लागलेला आपला रणगाडा. आता तो सैन्यात नाही, ठिकठिकाणच्या चौथऱ्यांवर आहे. तर हा विद्यार्थी कपाटापुढे उभा राहिला, हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखा. सगळं निरखून झाल्यावर म्हणाला, "सर, छान आहेत. पण हे सगळे मेलेले आहेत."

मी म्हटलं, "का रे बाबा?"

"असा मोकळ्यावर रणगाडा कोण उभा करतो? पहिल्या गोळ्यात जाईल. उंचवट्यामागे घ्यायचा, वरचं टरेट आणि तोफ तेवढी बाहेर, बाकी अंग जमिनीआड. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. गाडी नंतर, आधी जमीन बघायची."

चहा पिऊन तो गेला, पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. इतकी वर्षं मी किटच्या कागदावर काय वाचत होतो? चिलखताची जाडी, तोफेचं माप, इंजिनाची ताकद, ताशी वेग. खोक्यात गाडी येते, गाडीचा हिशेब येतो. जमीन येत नाही.

आणि जमीन करणं तर आपल्याकडे प्रत्येक पोराला येतं! दिवाळीचा किल्ला आठवा. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चाळलेली लाल माती. मग अळीव किंवा मोहरी पेरायची आणि रोज हळुवार पाणी शिंपडायचं. कडा कुठे, माची कुठे, वाट कुठून वर येते, टाकं कुठे, हे ठरल्यावर मगच जांभळी नाक्यावरून मातीचे मावळे आणायचे. आमच्या आळीतल्या किल्ल्यांचं परीक्षण मी खूप वर्षं केलं. दरवर्षी कोणीतरी प्लॅस्टिकचा हिरवा रणगाडा महाराजांच्या सिंहासनाशेजारी ठेवलेला असायचाच. "हा कुठून आला?" विचारलं की उत्तर मिळे, "सर, राखण करायला!" कालविपर्यास म्हणून मी एक गुण कापत असे. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या पोरांनी आधी डोंगर केला होता, रणगाडा नंतर ठेवला होता. जपानी किट बरोबर उलटं करतं.

ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपला मध्यवर्ती तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. टेंभी नाक्यावरून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तो तिथेच का? कारण खाडी. खाडी ओलांडून साष्टी बेटावर कोण येतं-जातं, ते तिथून हातात राहतं. म्हणून १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेचा पहिला घाव ठाण्यावर पडला आणि म्हणूनच १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीही आधी तोच घेतला. तोफा बदलल्या, झेंडे बदलले, खाडी तीच राहिली.

तर त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यानंतर मी ठरवलं, की प्रत्येक गाडीला तिची जमीन करून द्यायची. प्लायवूडचा तुकडा, थर्माकोल, फेव्हिकॉल, चाळलेली माती. या कामानं मला जो इतिहास शिकवला तो सांगण्यासाठीच खरं तर हा लेख.

सगळ्यांत जुनी गाडी रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. हो, तीच राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइस! १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला इंग्रजांनी सिल्व्हर घोस्ट मोटारीवर पोलादी पत्रा आणि मशीनगनचं गोल टरेट चढवलं. फ्रान्समध्ये खंदक खणले गेले आणि ही मोटार बिनकामाची झाली, कारण चाकांना रस्ता लागतो. पण अरबस्तानात, लॉरेन्सच्या मोहिमेत, कडक वाळलेल्या सपाट जमिनीवर तीच मोटार भन्नाट धावली. गाडी एकच. एका जमिनीवर अडगळ, दुसरीवर राजा. तिच्यासाठी मी भेगाळलेली पिवळी माती केली. अशी एक खरीखुरी रोल्स-रॉइस चिलखती गाडी आपल्या नगरला, आताच्या अहिल्यानगरला आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ च्या फेब्रुवारीत उघडलं. शनिशिंगणापूर करून परतणाऱ्यांनी दोन तास काढून अवश्य बघावं.

दुसरी गाडी स्टुअर्ट. अमेरिकन, हलकी, पंधरा टनांची, ३७ मिलिमीटरची तोफ. महायुद्ध संपता संपता लोक तिला हसू लागले होते, कारण समोर जर्मन रणगाडा असेल तर तिचा गोळा टपली मारल्यासारखा. आपल्या सातव्या लाइट कॅव्हलरीनं ती इंफाळ-ब्रह्मदेशात चालवली. आणि मग १९४८ साल आलं. झोजिला खिंड शत्रूच्या ताब्यात, लेहचा रस्ता बंद. सप्टेंबरमध्ये पायदळाचे हल्ले फसले. मेजर जनरल थिमय्यांनी ठरवलं की साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे न्यायचे. टरेट काढून, झाकून, गुपचूप ते श्रीनगरकडे नेले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी बालतालहून वर जाणारी खेचरांची वाट फोडून रुंद केली. १ नोव्हेंबरला बर्फातून स्टुअर्ट खिंडीत शिरले. तिथे रणगाडा येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे तिथे रणगाड्याला उत्तर देणारं शस्त्रही नव्हतं. ती ३७ मिलिमीटरची तोफ पुरून उरली.

याची जमीन करायला बसलो आणि एक हिशेब घातला. झोजिला पस्तीसपट लहान केली तर किती उंच होईल? समुद्रसपाटीपासून शंभर मीटर! म्हणजे घोडबंदर रोडवरच्या तीसमजली टॉवरच्या गच्चीवर माझा वीतभरही न भरणारा स्टुअर्ट नेऊन ठेवायला हवा, तेव्हा ते चित्र प्रमाणात होईल. मी फूटभर उंचीचा कडा केला, पांढऱ्या रांगोळीचं बर्फ केलं आणि रणगाड्यापेक्षा जास्त वेळ खर्चून वाट केली. बाजूला घण-पहार घेतलेले दोन सॅपर उभे केले. त्यांच्याशिवाय तो रणगाडा बालतालच्या पुढे जाताच ना.

तिसरा तळ १९६५ चा. यात एक नाही, तीन गाड्या आहेत. पाकिस्तानकडे अमेरिकेनं दिलेले पॅटन होते, त्या वेळचे आधुनिक, ९० मिलिमीटर तोफेचे. आपल्याकडे सेंच्युरियन होते खरे, पण थोडे, बाकी जुने शर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स. खोक्यावरचे आकडे मांडले असते तर पॅटन जिंकायला हवे होते. ८ ते १० सप्टेंबरला खेमकरण भागात असल उत्तर गावाजवळ काय झालं? आपल्या चौथ्या डोंगरी डिव्हिजननं घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली. कालव्यांचं पाणी शेतांत सोडलं. सप्टेंबरातला उभा ऊस, पुरुषभर उंच. त्या उसात सेंच्युरियन दडवून ठेवले आणि पॅटन अगदी जवळ येईपर्यंत गोळा सोडला नाही. पॅटन चिखलात रुतले, उसात आंधळे झाले. भारताच्या मोजणीप्रमाणे ९७ पाकिस्तानी रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. जवळच भिखीविंडला ते ओळीनं उभे केले, तेव्हा त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

आणि या तळावरची माझी सगळ्यांत लाडकी गाडी रणगाडाच नाही. ती जीप आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्र कंपनी मुंबईत जोडत होती तसली साधी उघडी जीप, वर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. चिलखत शून्य. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी असल्या जीपवरून, पिकाच्या आडोशानं जागा बदलत, एकामागून एक पॅटन फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पॅटनपुढे ती जीप ठेवली तर साडेनऊ सेंटिमीटरची दिसते, काडेपेटीची मोठी बहीण. ऊस मी केरसुणीच्या काड्यांचा केला. चिखल मातीत फेव्हिकॉल कालवून, वरून व्हार्निश. जीप उसात इतकी आत ठेवली आहे की येणाऱ्याला आधी दिसतच नाही. दाखवावी लागते. तशीच हवी.

चौथा तळ १९७१ चा, गरीबपूर. रशियन बनावटीचा पीटी-७६ हा पाण्यावर तरंगणारा रणगाडा. तरंगायचं तर वजन कमी हवं, म्हणून चिलखत पातळ, कुठेही दोन सेंटिमीटरच्या वर नाही. २१ नोव्हेंबरला, युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायच्या आधीच, पंचेचाळीस कॅव्हलरीचे १४ पीटी-७६ आणि चौदावी पंजाब बटालियन यांच्यावर पाकिस्तानी शॅफी रणगाडे चालून आले. दाट धुकं. आपले रणगाडे आधीच जागा घेऊन बसलेले. हल्ला मोडला. पण स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग त्या लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. जुन्या ब्रशाच्या केसांची भातशेती केली. धुकं काही करता आलं नाही. कापूस लावून पाहिला तर सौ. म्हणाली, गणपतीची आरास वाटते. काढून टाकला.

आता पूना हॉर्स. १८१७ साली पुण्यात उभं राहिलेलं हे घोडदळ. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ मध्ये त्याचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. त्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि आडनाव आलं ते तारापूर गावावरून, असं सांगतात. हे तारापूर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. सियालकोट आघाडीवर जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला पडले. त्यांच्या रेजिमेंटनं शत्रूचे साठ रणगाडे फोडले आणि स्वतःचे नऊ गमावले, अशी त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे.

सहा वर्षांनी त्याच भागात, त्याच रेजिमेंटमध्ये, तसल्याच सेंच्युरियनमध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. पुण्यात जन्मलेले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडे आपल्या तुकडीला मदत हवी होती. सॅपर सुरुंग काढत होते, पण वाट अजून पुरती मोकळी झालेली नव्हती. खेत्रपाल सुरुंगांच्या त्या पट्ट्यातून तसेच पुढे गेले. शत्रूचे रणगाडे फोडले. स्वतःच्या रणगाड्याला आग लागली, मागून बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, एवढ्या कारणावर त्यांनी तो मानला नाही. पुढच्या गोळ्यात ते गेले. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं फॅमागुस्टा. दुरुस्त करून तो अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवला आहे.

खेत्रपालांचा जन्म ऑक्टोबर १९५० चा. माझाही १९५० चाच. त्या डिसेंबरात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ठाण्यात ब्लॅकआउट असायचा. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद डकवले होते, भोंगा झाला की दिवे मालवायचे आणि कंदील पलंगाखाली ठेवून मी नोट्स वाचायचो. परीक्षा पुढे ढकलली जाईल का, ही माझी काळजी. तो एकविसाव्या वर्षी थांबला. मला पुढची चोपन्न वर्षं मिळाली: नोकरी, संसार, शाळेतल्या पस्तीस-छत्तीस बॅचेस, मुलीचं लग्न, नातू. वर्गात एकवीस या आकड्याचं काही वाटत नसे. आपल्या विद्यार्थ्यांतला एकेक जण एकवीस वर्षांचा होऊन पेढे घेऊन येई तेव्हा वाटायचं.

सेंच्युरियनचं दुसरं किट मी आणलं आहे. जोडून झालं, रंग झाला, टरेटवर बारीक अक्षरांत नावही घातलं. पण बसंतरची जमीन मी अजून केलेली नाही. सुरुंगांचा पट्टा प्लायवूडवर कसा दाखवायचा? वरून तर ते साधं शेत दिसतं. जे दिसतच नाही आणि तरी ज्यावरून कोणीतरी गाडी पुढे घातली, ते मातीनं नि फेव्हिकॉलनं कसं करावं, हे मला सुचलेलं नाही. रणगाड्याचं वरचं झाकण मात्र उघडं ठेवलं आहे. आत पाच सेंटिमीटरचा माणूस बसवलेला आहे. बघणाऱ्यानं आधी त्याला बघावं.

डोंबिवलीचा माझा नातू येतो तेव्हा त्याला टायगर हवा असतो. "आजोबा, टायगर सगळ्यात स्ट्राँग होता, तुमच्याकडे नाहीच!" तो आकडे घडाघडा म्हणतो, मी ऐकून घेतो. मागच्या खेपेला मी त्याला उसाच्या तळापुढे बसवलं आणि म्हटलं, यात तीन गाड्या आहेत, सगळ्यात धोकादायक कोणती ते शोध. पॅटनवर बोट ठेवलं. मग सेंच्युरियनवर. जीप दिसायला त्याला बराच वेळ लागला. दिसल्यावर म्हणाला, "पण हिला तर पत्रापण नाही. आतल्या माणसाला काय झालं?"

सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला. मग टायगरचा विषय निघाला नाही निदान त्या दिवशी तरी. पुढच्या वेळी निघेल, नऊ वर्षांचं पोर आहे.

त्या कप्प्यात विजयंतासाठी एक जागा मोकळी ठेवली आहे. माझ्या विद्यार्थ्याला फोन करून विचारलं, की मिळाली तर कोणत्या जमिनीवर ठेवू. तो म्हणाला, "सर, राजस्थानची वाळू करा. आणि टरेटच वर दिसू द्या." मग थोडं थांबून म्हणाला, "आत फार उकडायचं हो." हे त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं.

असो. लेख लांबला, मास्तरांची खोडच ती. यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरची चिल्लीपिल्ली किल्ला करतील आणि कोणीतरी हिरवा रणगाडा घेऊन येईलच. मी परीक्षक असलो तरी यापुढे गुण कापणार नाही. फक्त त्याला विचारा, की हा ठेवायचा कुठे, आणि का तिथेच? उत्तर देण्याआधी पोरगं वाकून आपला किल्ला नीट बघेल. तेवढं पुरे आहे. आणि अळीव यंदा दोन दिवस आधी पेरा, नाहीतर वसुबारसेला हिरवळ येत नाही.